बुडती होडी, चढती लाट

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तिथल्या मोटारींच्या पाट्यांवर '१०,००० सरोवरे' असे मोठ्या अभिमानाने छापलेले असते. जाहिरातीतला आकडा ऐकला की तो मनातल्या मनात निम्मा करायची आपल्याला सवय. इथे मात्र उलटा प्रकार! दहा एकर आणि त्याहून मोठी सरोवरे मोजली तर ती ११,८४२ भरतात. हिवाळ्यात ती अशी गोठतात की माणसे त्यांच्यावरून मोटारी हाकतात. मे महिना उजाडला, बर्फ वितळले, की साऱ्या राज्याला होड्यांचे वेड लागते.

होडीमागे घसरत जाण्याचा खेळ जन्मला तोही याच राज्यात. मिसिसिपी नदी एके ठिकाणी फुगून सरोवर होते. त्याचे नाव लेक पेपिन. त्याच्या काठी लेक सिटी या गावी राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा राहत होता. बर्फावर घसरता येते तर पाण्यावर का नाही, या एका प्रश्नाने त्याला पछाडले होते. पिंपाच्या फळ्या झाल्या, बर्फावरच्या पट्ट्या झाल्या. सगळ्यांनी त्याला बुडवले. शेवटी पाइनच्या दोन लांब फळ्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून त्याने वर वळवली आणि २ जुलै १९२२ रोजी तो पाण्यावर उभा राहिला.

आज त्याचे वंशज दोरीसुद्धा टाकून देतात. मिनिआपोलिस शहराच्या पश्चिमेला मिनेटोंका हे अनेक उपसागरांचे विशाल सरोवर आहे. डकोटा लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थच 'मोठे पाणी'. माझा भाचा त्या बाजूला नोकरीनिमित्त स्थायिक झालेला; दोन शेजाऱ्यांच्या भागीत त्याने एक होडी घेतली आहे. ऑगस्टमधल्या एका सकाळी आम्ही तीतून निघालो. त्याची सतरा वर्षांची मुलगी आखूडशी फळी घेऊन पाण्यात उतरली, दोरीच्या आधाराने उभी राहिली, होडीमागच्या लाटेवर तिचा जम बसला आणि तिने दोरी चक्क होडीत भिरकावून दिली! पुढची पाच मिनिटे ती कशालाही न धरता आमच्यामागून दहा फुटांवर येत होती, आणि वर माझ्याशी गप्पा मारत होती.

यात जादू काहीच नाही. होडी पाणी बाजूला सारते, त्याची लाट उठते आणि होडीच्याच वेगाने मागून येते. फळीवरचा माणूस त्या लाटेच्या उतारावरून सारखा खाली घसरत असतो आणि उतार सारखा त्याच्याखाली नवा होत असतो. जिना वर सरकतो आहे आणि आपण उतरतो आहोत, तसे. मात्र उतार पुरेसा उंच हवा, आणि साध्या होडीची लाट तेवढी उठत नाही. मग काय करायचे? होडी बुडवायची! अर्थात पुरती नव्हे. जितकी शहाणपणाने बुडवता येईल तितकी.

आपल्या कोकणातले जुने तांडेल रिकामे गलबत दर्यात नेताना तळाला दगड किंवा वाळू भरत. हेतू हा की गलबत स्थिर राहावे, एका अंगाला कलू नये. इथे भार भरतात तो नेमका होडी कलावी म्हणून. या होड्यांच्या पोटात टाक्या असतात. कळ दाबली की पंप सरोवराचेच पाणी आत ओढतात. घनमीटरभर पाणी म्हणजे एक टन वजन. दोन-सव्वादोन टनांच्या होडीत असे दीड टन पाणी सहज भरतात.

पण नुसते भरून भागत नाही. ते कुठे भरले यावर सारे आहे. पिछाडीला भार वाढवला की लाट उंच आणि उभी होते, पण आखूड. नाळेकडे थोडा भार दिला की ती लांबते. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यासाठी डावीकडची लाट बरी, कारण त्याचे तोंड लाटेकडे राहते. मग डाव्या बाजूची टाकी भरायची. होडी डावीकडे कलते, त्या बाजूची लाट स्वच्छ उठते आणि उजवीकडची फेसाळून विस्कटते. २०१२च्या सुमारास कारखानदारांनी पिछाडीला हलत्या झडपा बसवल्या. दोन्ही बाजूंचे पाणी मागे एकत्र येते, त्यातल्या एका बाजूला झडप थोडे रोखून धरते. त्यामुळे होडी न कलताही लाट मिळते. वेगाचेही तसेच. ताशी सोळा-सतरा किलोमीटर हा मध्यम सूर. त्याहून हळू गेले तर लाट आखडते, जोरात गेले तर लांबते पण बसकी होते.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मामा," भाचा म्हणाला. "भार, वेग, झडप, तिन्ही एकदम हलवलं तर कशानं बिघडलं ते कळतच नाही." मग माझ्याकडे निरखून पाहत तो नम्रपणे म्हणाला, "तुम्ही जरा त्या डाव्या कोपऱ्यात बसता का?" मी बसलो. मागून नात ओरडली, "आजोबा, हलू नका! आता मस्त झाली!" एवढ्या वर्षांत माझ्या वजनाचे असे कौतुक कोणी केले नव्हते.

होडीत किती माणसे आणि किती ओझे चालेल याची पाटी लावलेली असते. पाण्याचा भार त्या हिशेबात धरायचाच. दुसरे, पंखा होडीच्या तळाखाली आत असलेल्या होडीमागेच हा खेळ खेळावा. मागे पंखा उघडा असेल तिथे हे धाडस म्हणजे मरणाला आमंत्रण. इंजिनाचा विषारी धूरही पिछाडीलाच साचतो. तिथे लोंबकळू नये.

आता काठावरच्या लोकांचे ऐका. ही लाट फळीवरच्या पोरीखालून निघून जाते खरी, पण संपत नाही. ती किनाऱ्यावर जाऊन आदळते. काठाची माती ढासळते, धक्क्याला बांधलेल्या होड्या आपटतात. मिनेसोटाचा राज्यपक्षी लून आपले घरटे अगदी पाण्याच्या कडेला बांधतो. अशा घरट्याला मोठी लाट म्हणजे पूरच. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने लाटा मोजून २०२२ साली अहवाल दिला. साध्या होडीला काठापासून २०० फूट पुरतात, तिथे या होड्यांना लाट तेवढी शमायला ५०० फुटांहून जास्त अंतर लागते, असा त्याचा निष्कर्ष. व्हरमाँट राज्याने २०२४ सालच्या नियमांत हेच ५०० फुटांचे अंतर घातले, आणि पाणी निदान २० फूट खोल हवे असेही ठरवले. खोलीचा नियम खेळाडूलाही सोयीचा, कारण उथळ पाण्यात लाट नीट उठतच नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी. कॅस्पियन आणि काळ्या समुद्राकडचा बोटाच्या पेराएवढा पट्टेरी झीब्रा शिंपला मालवाहू जहाजांच्या पोटातल्या भाराच्या पाण्यातून अमेरिकेत आला. १९८८ साली तो सेंट क्लेअर सरोवरात सापडला, १९८९मध्ये डुलुथ बंदरात, आणि २०१० साली मिनेटोंकात. नळ तुंबवतो, पोहणाऱ्यांचे पाय कापतो, पाण्यातले सूक्ष्म अन्न गाळून माशांच्या तोंडचा घास पळवतो. एकदा शिरला की मोठ्या सरोवरातून त्याला हुसकणे जवळजवळ अशक्य. त्याची पिल्ले नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि टाकी कितीही उपसली तरी तळाशी थोडे पाणी उरतेच. जहाजाने महासागर ओलांडून जे केले, ते ही बावीस-पंचवीस फुटी होडी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना करू शकते. म्हणून सरोवर सोडताना बूच काढून सारे पाणी उपसायचे हा मिनेसोटाचा कायदा आहे. शिवाय दुसऱ्या पाण्यात घालण्यापूर्वी होडी निदान पाच दिवस कोरडी ठेवावी अशी शिफारस.

त्या दिवशी भाच्याने होडी मधल्या खोल पाण्यातच फिरवली आणि काठाजवळ येताना टाक्या रिकाम्या करून संथपणे आणली. गाड्यावर चढवल्यावर बूच काढले. धार बारीक झाली, थेंब झाले, तरी नात तिथेच उकिडवी बसून होती. शेजारच्या माणसाने घड्याळ दाखवून घाई केली, तेव्हा ती मराठीत पुटपुटली, "पाणी त्यांचंच आहे, त्यांना सगळं परत द्यायला नको का?" मोठ्या पाण्याकडून उसने घेतलेले दीड टन वजन शेवटच्या थेंबापर्यंत फेडून आम्ही घरी जेवायला गेलो.