तांब्या उचलल्यावर

शिरूर-दौंड भागातल्या शाळांमध्ये चमत्कारांचे प्रयोग दाखवताना मी पोतडीतून आधी तांब्या काढतो. अरुंद गळ्याचा, काठोकाठ तांदूळ भरलेला. त्यात लोखंडी सळई खुपसायची, काढायची, पुन्हा खुपसायची. तांदूळ दबत जातात. शेवटी सळई उचलली की तिच्यासोबत तांब्याही वर येतो. वर्गात एकच गलका! मंत्राचं नाव फार थोडी मुलं घेतात. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘आत लोहचुंबक आहे, सर!’

आता खरी गंमत. चुंबक असेल तर सळईऐवजी लाकडाची काठी घेऊन बघू. तरीही तांब्या उचलला जातो. मग तेच तांदूळ पसरट पातेल्यात ओततो. सळई नुसतीच बाहेर येते. अरुंद गळा, गच्च बसलेले दाणे, त्यांचं सळईशी होणारं घर्षण, इथवर मुलंच पोहोचतात. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही विज्ञानाची शिस्त त्यांच्या हाताला लागते.

जादूगार गुपित जपतो, ते त्याच्या कलेला शोभतं. आमचा खेळ गुपित फोडल्याशिवाय संपत नाही. मात्र फोडायची घाई नको. बुवाची हातचलाखी उघडी पाडून टाळ्या घेणं सोपं. मुलानं स्वतःचा अंदाज स्वतःच खोडेपर्यंत गप्प राहणं फार अवघड. बुवाबाजी उघडी पाडण्याचं हेच काम करणारी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. तरी समितीच्या कार्यकर्त्यांनी असे प्रयोग थांबवले नाहीत.

दुसरा प्रयोग हळदीचा. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी टाकली की ते लालभडक होतं. भोंदू याचंच ‘करणीचं रक्त’ करतात. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ, त्यामुळे तिथली पोरं लगेच विचारतात, ‘उसाच्या रसातही चुना घालतात, मग तो लाल का होत नाही?’ असा प्रश्न आला की मला कार्यक्रमाचं चीज झाल्यासारखं वाटतं. मी लाल पाण्यात लिंबू पिळतो, पाणी पुन्हा पिवळं. रंग बदलते ती हळद. रसात ती नसतेच. तिथला चुना रसातलं आम्ल मारायला असतो.

शिक्षकांना एक विनंती. कापूर, विस्तव, रसायनं मुलांच्या हाती देऊ नका; निवळीही डोळ्यांपासून लांब ठेवा. तांब्या मात्र प्रत्येकाला उचलू द्या आणि उत्तर सांगायची घाई करू नका.