ज्वालामुखीवरचा सूर्योदय, आपल्या बजेटात

बालीच्या बातूर पर्वताची एक्सेल शीट, कबनूरच्या अण्णांचा एक प्रश्न आणि मध्ये जोतिबाचा डोंगर

शुक्रवारची संध्याकाळ. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली ऑफिसची बस आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडलेला एक फोटो. काळाकुट्ट डोंगर, खाली तळं, मागे केशरी आभाळ आणि कड्यावर ब्लँकेट पांघरून बसलेली चार पोरं. खाली एकच ओळ : 'भावा, जायचं का?'

बस वाकडला पोचेपर्यंत आमचं ठरलंसुद्धा. बाली! बातूर पर्वत! जिवंत ज्वालामुखीवरून सूर्योदय! तुमच्याही ग्रुपवर असा एखादा फोटो येऊन पडला असेलच. सगळे 'डन' म्हणतात आणि मग महिनाभर कुणीच काही बोलत नाही. यावेळी मात्र मी शीट उघडली. आमच्या ग्रुपमध्ये शीट उघडणारा प्राणी मीच.

आधी आकडे

बातूर आहे 1,717 मीटर उंच. घाबरू नका. आपलं कळसूबाई 1,646 मीटर आहे, म्हणजे फरक फक्त 71 मीटरचा! त्यातही बातूरच्या पायथ्याचं तळंच हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढण साधारण 700 मीटरची. पहाटे चारला सुरुवात, दोन तासांत माथा. वर जमिनीतून वाफा येतात आणि गाइड लोक त्या वाफेवर अंडी उकडून देतात. नाश्ता ज्वालामुखीतर्फे!

एका माणसाचा माझा हिशेब असा होता :

विमानाचं तिकीट (आधी काढलं आणि सुट्ट्यांचे दिवस टाळले तर) 30,000. व्हिसा 5 लाख रुपिया, आकडा ऐकून छाती दडपते, पण आपले साधारण पावणेतीन हजार. बाली सरकारने फेब्रुवारी 2024 पासून लावलेला पर्यटन कर दीड लाख रुपिया, म्हणजे आपले आठशेच्या आसपास. पाच रात्री हॉस्टेल 5,000. गाइड आणि गाडीसह ट्रेक 3,500. जेवणखाण आणि फिरणं 7,000. प्रवास विमा 950. आणि शेवटची ओळ : 'इतर' 8,000. इतर म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. कॅफे, मॅग्नेट, समुद्रकाठचे टीशर्ट.

एकूण 58,000.

हे विसरू नका

• एप्रिल ते ऑक्टोबर हा तिथला कोरडा मोसम. पावसाळ्यात गेलात तर सूर्योदय ढगातच शोधावा लागेल.
• बातूर स्थानिक गाइड घेऊनच चढतात. तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.
• माथ्यावर थंडी असते. एक जॅकेट आणि डोक्याला लावायची बॅटरी हवीच. बूट नवे नकोत, पायात मुरलेले हवेत.
• स्कूटर चालवायची असेल तर इथूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या.
• विम्याची ओळ कापू नका. नोव्हेंबर 2024 मध्ये दूरच्या फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीची कितीतरी विमानं रद्द झाली होती.
• इंडोनेशियात प्रत्येक जागत्या ज्वालामुखीला धोक्याची पातळी असते, एक ते चार. निघायच्या आदल्या दिवशी ती बघा. डिसेंबर 2023 मध्ये सुमात्रातल्या मरापी पर्वताचा अचानक उद्रेक झाला आणि वर असलेल्या वीसहून अधिक गिर्यारोहकांचा जीव गेला. फोटोपेक्षा जीव मोठा.

आणि कुणी म्हणेल, 'भारतात नाही का ज्वालामुखी?' आहे. अंदमानातलं बॅरन बेट. पण तिथे पाय ठेवायला परवानगी नाही, लांबून बोटीतूनच बघायचं.

कबनूरला सांगायला गेलो

शीट तयार झाली. आता एकच काम उरलं होतं, घरी सांगणं. आमचं घर कबनूरला, इचलकरंजीला अगदी लागून. तुम्ही कधी तिथे राहिला नसाल तर सांगतो, आमच्याकडे शांतता म्हणजे लाइट गेलेली असणं. एरवी दिवसरात्र मागांची खडखड. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली आला, तेव्हापासून हा आवाज वाढतच गेला. अण्णा त्या आवाजात तीस वर्षं आहेत. चार माग, बहुतेक वेळा रात्रपाळी, मजुरी विणलेल्या मीटरवर. माझं इंजिनिअरिंग त्या मीटरांवर झालं.

शनिवारी दुपारी ते झोपून उठले, चहा घेतला, तेव्हा मी विषय काढला.

"काय हाय तिथं?" अण्णांनी विचारलं.

"ज्वालामुखी. अंधारात चढायचं आणि वरून सूर्य उगवताना बघायचा."

"सूर्य?" अण्णांनी कप खाली ठेवला. "आन् हितं काय नुसता मावळतोय व्हय?"

आई हसली. मीही हसलो. मग त्यांनी खर्च विचारला आणि मी म्हणालो, "पस्तीस."

का कोण जाणे, 58 तोंडातून बाहेरच पडेना. ऑफिसात त्याच आकड्याला सगळे 'किती स्वस्त!' म्हणाले होते. अण्णांसमोर तोच आकडा मीटरमध्ये दिसायला लागला.

अण्णा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "आज रातच्याला मोकळा हाईस का? खेट्याला जायचंय. गुडघा जरा धरलाय. संगं कोण असलं तर बरं."

खेटा म्हणजे काय?

कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी. माघ महिन्यात, साधारण फेब्रुवारीत, रविवारी जोतिबाचे खेटे सुरू होतात. एकूण पाच रविवार. भाविक रात्रीच कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर जमतात, आंघोळ करतात आणि अनवाणी निघतात. शिवाजी पूल, वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख आणि मग डोंगर. सतरा-अठरा किलोमीटर तरी होतात. जोतिबा हे ठाणं सोडून हिमालयात निघाला होता, तेव्हा अंबाबाई करवीरहून चालत आली आणि तिने त्याला थांबवलं, तो पहिला खेटा, अशी कथा आहे.

मला खेटे माहीत होते ते एवढेच : लहानपणी रविवारी दुपारी खेळून घरी आलो की उंबऱ्यावर गुलालाचे ठसे असायचे आणि आतल्या खोलीत अण्णा गाढ झोपलेले. शनिवारची पाळी बदलून घेऊन ते जायचे, बावीस वर्षं. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

संध्याकाळच्या एसटीने आम्ही कोल्हापूरला गेलो. घाटावर थोडी पाठ टेकली. अडीच वाजता गार पाण्यात आंघोळ आणि 'चांगभलं' म्हणून चालायला सुरुवात. रस्ताभर माणसंच माणसं. म्हाताऱ्या बायका, कॉलेजची पोरं, खांद्यावर झोपलेली लेकरं. हेडलॅम्प एकट्या माझ्याच डोक्याला! एक पोरगं मागून म्हणालं, "पाव्हणं, खाणीत निघालाय काय?" गुपचूप काढून खिशात ठेवला.

निगव्याच्या पुढे माझे तळवे बोलायला लागले. आठवड्यातून तीनदा जिमला जाणारा मी, दगड चुकवत चालत होतो. अण्णा एका लयीत. पण कुशिऱ्यानंतर चढ लागला आणि त्यांचा उजवा पाय मागे राहू लागला. दर शंभर पावलांना थांबायचं. मी घड्याळ बघत होतो. साडेसहा झाले होते, आभाळ फटफटीत व्हायला लागलं होतं.

"अण्णा, वर पोचेपर्यंत उगवेल."

"उगवू दे की. आपल्यासाठी थांबतोय व्हय तो?"

गायमुखाच्या वरच्या वळणावर आम्ही बसलो आणि सूर्य तिथेच उगवला. माथ्यावर नाही, अर्ध्या वाटेवर. खाली पंचगंगेचं खोरं, उसाची शेतं, कुठल्यातरी गुऱ्हाळाचा सरळ वर जाणारा धूर. आधी धूर गुलाबी झाला, मग ऊस, मग आमचे पाय. मी फोन काढला नाही. खरं सांगायचं तर मनात दुसरंच काही चाललं होतं.

"अण्णा, पस्तीस नाही. अठ्ठावन्न."

ते गुडघा चोळत होते. बराच वेळ तसेच.

"कमाई तुझी हाय. जा की," ते म्हणाले. "पर खोटं कशापायी? आकडा मोठा हाय म्हनून, का म्या ल्हान हाय म्हनून?"

याला उत्तर नव्हतं. अजून नाही. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उरलेला डोंगर आम्ही तसाच चढलो.

पायाखालचा लाव्हा

आता गंमत ऐका. जोतिबाचा डोंगर समुद्रसपाटीपासून 3,124 फूट आहे आणि लांबून थेट शाळेच्या पुस्तकातल्या ज्वालामुखीसारखा दिसतो, माथा छाटलेला शंकू. तो ज्वालामुखी नाही. पण लाव्हा मात्र शंभर टक्के आहे!

साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा पातळ पिठल्यासारखा पसरत गेला. थंड झाला, पुन्हा आला, थरावर थर. आज उरलेला पसाराही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरचा आहे. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ते त्या थरांमुळेच. 'डेक्कन ट्रॅप' मधला 'ट्रॅप' हा शब्दसुद्धा मूळ स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलेला. पुढे नद्यांनी आणि पावसाने हे थर कोरून काढले, जे उरले ते आपले डोंगर. जोतिबा त्यातलाच, समोर पश्चिमेला दिसणारा पन्हाळाही त्यातलाच.

मग आग कुठे गेली? बहुतेक शास्त्रज्ञ मानतात की ती जागच्या जागी राहिली आणि आपली जमीनच उत्तरेला सरकत निघून आली. ती आग आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून अधूनमधून उसळतो. चूल तिथे, भाकरी इथे.

वर जोतिबाचं देऊळ आहे, 1730 साली राणोजी शिंदे यांनी बांधलेलं, काळ्या बेसॉल्टचं. बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हाच. त्यावर इतक्या वर्षांचा गुलाल. मी अण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांनी कळसाकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे आम्ही इतकी वरसं ज्वालामुखीवरच येतोय की!"

परतीची एसटी, मिसळ, नारळ, गुलाल धरून दोघांचा खर्च सहाशेच्या आत.

तुम्हालाही जायचंय?

खेट्याच्या रविवारी वाटेवर सोबतीला गर्दी असते, नवख्याने तेव्हाच जावं. अनवाणी चालायची सवय नसेल तर चपला घाला, उगाच हिरोगिरी नको. पाणी आणि भाकरी-चटणी बरोबर ठेवा. कोल्हापुरातून मध्यरात्रीनंतर लगेच निघालात तर सूर्योदय वर मिळेल. बरोबर वडीलधारं माणूस असेल तर तासभर आधी निघा, आणि अर्ध्या वाटेवरचा सूर्योदय मिळाला तरी तो तितकाच पिवळा असतो. बातूरची तयारी म्हणूनही हे उत्तम. त्यानंतर एकदा कळसूबाई केलंत की चढाची भीती जाते.

शीटचं काय झालं?

आम्ही बालीला जातोय, ऑगस्टमध्ये. तिकिटं काढली. 'इतर' ही ओळ 8,000 वरून 3,000 वर आणली. उरलेले पाच हजार अण्णांच्या गुडघ्याचा एक्स-रे आणि फिजिओसाठी बाजूला काढले. एकूण आता 53,000, आणि हा आकडा घरी सगळ्यांना पाठ आहे.

परवा फोनवर अण्णांनी विचारलं, "त्या डोंगरावर देव कंचा?"

मी शोधून ठेवलंच होतं. तिथल्या तळ्याची देवी दानू. 1926 च्या उद्रेकात बातूर गाव आणि तिचं देऊळ लाव्ह्याखाली गेलं, तेव्हा गावकऱ्यांनी देवीला उचलून वर कड्यावर नेलं आणि तिथे नवं देऊळ बांधलं.

"मग झालं की," अण्णा म्हणाले. "माझा बी एक नमस्कार सांग."

शीटमध्ये एक नवी ओळ टाकली आहे. माघ, पाच रविवार. खर्चाच्या रकान्यात काही नाही. शेरा : पाचही सोमवारी रजा.