डॅशबोर्डामागची जुडी

आई गेल्यावर तिच्या जात्यावरच्या ओव्यांची एकच ध्वनिफीत मागे राहिली. प्रवासात ती ऐकावी म्हणून एका रविवारी मी गाडीत अ‍ॅम्प्लिफायर बसवला. बॅटरीकडून येणारी जाड वायर आणि ध्वनीची नाजूक केबल डॅशबोर्डामागे एकाच जुडीत बांधली. काम मोठे सुबक दिसत होते. इंजिन सुरू केले, तो ओवीमागे एक बारीक शीळ उमटली. वेग वाढवावा तसा तिचा स्वर चढे.

गॅरेजमधला इलेक्ट्रिशियन म्हणाला, "सर, या दोन्ही एकत्र कशाला बांधल्या?" अल्टरनेटरचा गोंगाट शेजारच्या केबलमध्ये उतरत होता. त्याने वायर एका बाजूने, केबल दुसऱ्या बाजूने नेली. जिथे त्या एकमेकींना छेदणे अटळ होते, तिथे काटकोनात. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना हातही लावला नाही.

कवीचे चरित्र आणि कविता यांची अशीच सुबक जुडी बांधून मी वर्षानुवर्षे वर्गात दिली. त्या शिळेकडे कधी लक्षच गेले नव्हते.

परतताना ओवी लावली. शीळ गेली होती. जात्याची घरघर तेवढी उरली. ती आईचीच होती.