बंदर, डोंगर आणि मुलींची शाळा

औरंगाबादच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले. भदंत नागसेनांना प्रश्न विचारणारा हा राजा यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा. कार्ले लेण्याच्या खांबांवरही यवन दात्यांचे लेख कोरलेले आहेत. तेव्हा ग्रीस देश आपल्याला अगदीच परका नाही. पण ग्रीस म्हटले की अथेन्सची पडकी देवळे तेवढी डोळ्यांपुढे येतात. कष्टकऱ्यांचा ग्रीस पाहायचा असेल, तर अथेन्सच्या उत्तरेस सुमारे ३३० किलोमीटरवर असलेले व्होलोस बंदर गाठावे.

समोर शांत आखात, पाठीशी १६०० मीटरहून उंच पेलिओन डोंगर. मधल्या पट्टीत गोदी, कारखाने आणि कामगारवस्ती. १९२२ साली आशिया मायनरमधून हुसकावलेली ग्रीक कुटुंबे येथे आली आणि नेआ इओनिया ही त्यांची वसाहत उभी राहिली. बंदरावरच्या खानावळींत लहान लहान ताटल्यांतून मासळी येते. सोबत दारू देण्याचा तिथला रिवाज आहे. पंचशील पाळणाऱ्याने ती नाकारून मासळीवर ताव मारावा.

किनाऱ्याने निघाले की आग्रिया, काला नेरा, आफिसोस अशी गावे लागतात. डोंगरातल्या मिलिएस गावापर्यंत १९०३ साली आगगाडी पोहोचली. तिच्या रुळांमधले अंतर अवघे ६० सेंटिमीटर, जवळजवळ आपल्या माथेरानच्या गाडीइतके. १९७१ साली बंद झालेली ही गाडी १९९६ मध्ये प्रवाशांसाठी पुन्हा सुरू झाली. मिलिएसला १८१४ साली तीन विद्वानांनी शाळा काढली. तिथले जुने ग्रंथालय गावाने जपले आहे.

माक्रिनित्सा गाव जणू डोंगराच्या सज्जावर बसलेले. दगडी छपरांची घरे, चिनार वृक्षांचा चौक, खाली सारे बंदर. या भागात थिओफिलोस नावाचा गरीब चित्रकार पोटाला अन्न मिळावे म्हणून भिंती रंगवीत हिंडत असे. त्याच्या पोशाखाला लोक हसत. अनाकासिया गावी त्याने १९१२ साली रंगवलेले घर आज संग्रहालय आहे.

पण व्होलोसची खरी आठवण ठेवावी ती एका शाळेसाठी. १९०८ साली अलेक्झांद्रोस देल्मूझोस या शिक्षकाकडे मुलींची उच्च शाळा सोपवली गेली. त्या काळी शिक्षण चाले पंडिती ग्रीकमध्ये. घरात कुणी ती भाषा बोलत नसे. देल्मूझोसने मुलींना आईच्या बोलीत शिकवले. धर्म बुडाला, नीती बुडाली, अशी ओरड झाली. बिशप विरोधात उभा राहिला. १९११ साली शाळेला कुलूप लागले. देल्मूझोसवर आणि त्याच्याबरोबर कामगार केंद्राच्या कार्यकर्त्यांवर खटला भरला गेला. १९१४ साली नाफ्प्लिओच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. पुढे १९७६ साली हीच बोली ग्रीसची राजभाषा झाली.

१८४८ साली पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हाही धर्म बुडाल्याची हीच ओरड होती. मुलगी शिकली आणि तिला समजेल अशा भाषेत शिकली, की पुरोहितशाहीचे आसन डळमळते, मग देश कोणताही असो. आपल्या वस्तीतली एखादी मुलगी पैशाअभावी किंवा भाषेच्या भीतीने शाळा सोडत असेल, तर व्होलोसची ही गोष्ट तिच्या आईवडिलांना अवश्य सांगा.

जय भीम!