नळीच्या तोंडाशी

14 जुलै 2024, रविवार

पोरगी पिस्तुलाच्या रेंजवरून आली ती थेट आतल्या खोलीत. जेवली नाही. साठ छर्र्यांत तीन सातच्या रिंगणात, एक सहात. "पप्पा, सोडताना दहाच होता. मला कळतंय की." दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. अंतर दहा मीटर. मला चष्मा लावूनही धड दिसत नाही.

15 जुलै

सर म्हणतात, मनगट ढिलं पडतंय. मेपासून तिसऱ्यांदा लाकडी मूठ घासून झाली. भुसा अजून कपाटाखाली आहे.

मुठीत खोट असती तर सगळेच छर्रे एका अंगाला गेले असते. मधूनच एखादा का जातो?

16 जुलै

रात्री टॉर्च घेऊन बसलो. हवेचा सिलिंडर उतरवला. नळी रिकामी आहे हे दोनदा बघितलं. कॉम्पेन्सेटरच्या भोकात डाव्या कडेला शिशाची करडी रेघ. उजवीकडं स्वच्छ.

छर्रा बाहेर पडताना घासतोय. सगळे नाहीत, एखादाच. अर्धा ग्रॅमसुद्धा वजन नाही त्याचं. जरा कड लागली की वाट सुटली.

तिला उठवलं नाही. पुन्हा जाऊन रेघ बघून आलो.

17 जुलै, आषाढी

आमची ही पहाटेच नंदवाळला विठोबाला गेली. साबुदाणा माझा मीच केला, चिकट झाला.

पोरीला रेघ दाखवली. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे मनगट नव्हं?" मी म्हटलं, बघू.

कॉम्पेन्सेटर काढून साफ करावा म्हटलं तर हातानं फिरेना. रबराचा तुकडा धरून पिळलं, तरी नाही. एवढंसं नळकांडं. छर्र्यामागून सुटलेली हवा वरच्या फटींतून बाहेर काढायची, म्हणजे ती छर्र्याला मागून ढुशी देत नाही आणि पिस्तुलाचं तोंडही उचलत नाही. काम एवढंच. आता तेच आडवं आलंय.

पुण्यावाल्यानं काहीतरी लावून ठेवलंय. सेकंडहँड घेतलं की असंच.

18 जुलै

पुण्याला फोन लावला. "मी काही लावलं नाही काका. माझ्याकडं हातानं निघत होतं." विकणारा आणखी काय सांगणार?

पतसंस्थेचा हप्ता पाच तारखेला.

19 जुलै

पट्ट्याचा पाना आणला. नळी वाइसमध्ये चामडं घालून धरली. जोर लावला की नळीच फिरते. जास्त आवळली तर ती चेपेल. बिडाच्या कास्टिंगला कधी अशी भीती वाटली नाही. तिथं चुकलं तर दुसरं कास्टिंग घ्यायचं.

शेजारचा फौंड्रीवाला डोकावला. "भावा, पाइप पाना लाव की! एका झटक्यात निघंल." निघंल. सोबत नळीची सालंही निघतील.

20 जुलै

पट्टा निसटला. नळीवर ओरखडा, केसाएवढा. तिनं बघितला. बोलली नाही. पाणी आणून दिलं.

21 जुलै, गुरुपौर्णिमा

ती सरांकडं पेढे घेऊन गेली.

आट्यांत झिरपणारं तेल सोडलं. पिस्तूल तोंड खाली करून खिळ्याला टांगलं. तेल मागं व्हॉल्व्हकडं गेलं तर दुसरंच दुखणं. खाली कागद ठेवला. रात्रीपर्यंत कागदावर एक डाग, रुपयाएवढा.

घाई करायची नाही, असं तीनदा स्वतःला बजावलं. उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथ चालवली, एका नळकांड्यासाठी पंचांग बघायची पाळी आली.

23 जुलै

तेलाचा काही उपयोग नाही. पाऊस थांबत नाही. पंचगंगा इशाऱ्याच्या वर आहे म्हणे. शेडमध्ये सगळं दमट. लेथच्या बेडवर हात फिरवला तर बोटं ओली.

सुईनं आट्याची कड खरवडली. लाल भुकटी आली. गंज, म्हटलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. गंज तपकिरी असतो. हा कुंकवाच्या डबीच्या काठासारखा लाल.

24 जुलै

खणात सहाचा टॅप शोधत होतो. आटे जाम करणाऱ्या लॉकरची लाल बाटली सापडली. अर्धी.

झोप नाही.

25 जुलै

पाणी धोक्याच्या पातळीकडं. राजाराम बंधाऱ्याच्या 43 फुटांवर सगळ्या कोल्हापूरचं लक्ष. कॉलेजला सुट्टी. ती घरीच. पिस्तूल माझ्याकडं, म्हणून मोकळा हात भिंतीकडं धरून उभी असते. एकेक मिनिट. मग खाली घेते. मग पुन्हा.

अक्षय्य तृतीया. 10 मे. "पप्पा, हे हलतंय." दोन थेंब टाकले होते, पंपाच्या बोल्टला टाकतो तसे. गिऱ्हाईक दारात उभं होतं. नळीचा खांदा पुसला होता का?

10 मेपासून.

मूठ तीनदा घासली. सरांनी उभं राहायची पद्धत बदलायला लावली. तिनं रोज रात्री मनगटाला गरम पाण्याची पिशवी लावली.

पुण्याला फोन करायला पाहिजे.

26 जुलै

फोन केला नाही.

आता बेतानं. नळी बॉडीतून वेगळी केली. रबरी रिंगा काढून बशीत ठेवल्या, एकीवर एक नको म्हणून अंतर ठेवून. बाभळीचा ठोकळा घेतला, नळीच्या मापाचं भोक पाडलं आणि करवतीनं मधोमध चिरला. आतून राळ कुटून भुरभुरली. राळ असली की लाकूड नळी सोडत नाही आणि चावतही नाही. कॉम्पेन्सेटरसाठी ॲल्युमिनियमची कडी, एका बाजूनं चिरलेली, बोल्टनं आवळायची. बोअर करताना शेवटचा कट दोनदा घेतला. गेल्या कित्येक महिन्यांत एवढं चोख काम मी गिऱ्हाइकासाठी केलेलं नाही.

हिशेब केला. नळी पोलादाची, कॉम्पेन्सेटर ॲल्युमिनियमचा. शंभर अंश तापवलं तर बारा मिलिमीटरच्या आट्यावर ॲल्युमिनियम पोलादापेक्षा 13 मायक्रॉन जास्त फुगतं. एवढीच फट मिळणार. लाल जातीचं लॉकर मात्र अडीचशेच्या आसपास सोडतं. तितकं तापवलं तर ॲल्युमिनियम नरम पडायची धास्ती.

फौंड्रीवाल्याकडून लांबून तापमान बघायचं यंत्र मागून आणलं. त्यानं विचारलं, "कशाला?" म्हटलं, "भजी तळतोय."

27 जुलै, शनिवार

आटा कुठल्या अंगाचा हे आधी भिंगातून नीट बघून घेतलं. उजवाच. नळीच्या मागच्या भागाला ओलं फडकं गुंडाळलं. हॉट एअर गन. 120. नाही. थंड होऊ दिलं. 150. नाही. चहा. 180.

ती दारात येऊन उभी राहिली. म्हटलं, "आत जा." गेली नाही.

दोनशेच्या जरा अलीकडं असताना कडीचा दांडा धरला. झटका दिला नाही. नुसता भार टाकत गेलो. काहीच होत नव्हतं. मग हाताला कळलं, कानाला नंतर. कट्ट. बारीक, सुपारी फुटल्यासारखं.

"निघालं?" 

मला लगेच बोलता आलं नाही. मान हलवली.

लाल भुकटी सगळ्या आट्यांत. तिनं बघितली. मीही बघितली. दोघंही गप्प.

28 जुलै, रविवार

पॅरिसला मनू भाकरला कांस्य, दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये. मोबाइल लेथच्या टेलस्टॉकला टेकवून बघितलं, फौंड्रीची पोरंही गोळा झाली. टोकियोत हिचंच पिस्तूल ऐन फेरीत बिघडलं होतं. दुरुस्तीत वेळ गेला, 575 वर अडकली, बारावी आली. तेव्हा लोक काय काय बोलले होते. यंत्र बिघडतं आणि नाव माणसाचं जातं.

पोरगी म्हणाली, "तिच्याकडं दुसरं पिस्तूल तरी असणार."

29 जुलै

खांद्यावर सापडलं. नळीचा खांदा आणि कॉम्पेन्सेटर टेकतो त्या जागी लोखंडाचा कीस. मोहरीच्या पावाएवढा. शेडमधला. म्हणजे माझ्याच लेथचा. त्यावर कॉम्पेन्सेटर तिरका बसला आणि लाल थेंबांनी तिरकाच वाळून धरला.

आटे पितळी ब्रशनं साफ केले. उरलेलं ॲसिटोननं. भोकातलं शिसं बांबूच्या काडीनं, लोखंड लावलं नाही. नळीच्या तोंडाची कड नुसती फडक्यानं पुसली. तिथं कुणी शहाणपणा करू नये.

नळीत घासलेली सरळ पिन घातली, कॉम्पेन्सेटर हातानं बसवला, समोरून उजेडात धरला. पिनेभोवती चारी बाजूंना सारखी फट. दोघांनी आळीपाळीनं सात वेळा बघितलं.

30 जुलै

पुन्हा हलू नये म्हणून काय करायचं? लॉकरची बाटली टाकून दिली आहे. हातानं घट्ट, बस. जोडावर तिनं नेलपॉलिशची आडवी रेघ ओढली, अर्धी नळीवर, अर्धी कॉम्पेन्सेटरवर. जरा फिरलं की रेघ तुटलेली दिसेल. डोकं तिचं. रंग जांभळा.

31 जुलै

पाणी उतरतंय. रेंजवर पिस्तूल टेकू देऊन धरलं. कागदाच्या कार्डावर पाच छर्रे. एकच भोक, जरा फाटकं. सर म्हणाले, "हं." मग माझ्याकडं बघून, "कशानं झालं होतं?"

"अडकलं होतं," मी म्हटलं.

1 ऑगस्ट, गुरुवार

स्वप्नील कुसाळेला कांस्य! रायफल, तीन पोझिशन, 50 मीटर. कांबळवाडीचा पोरगा. राधानगरीच्या अंगाचा, आपला. चौकात साखर वाटली. कामाला सुट्टी दिली नाही, पण काम कुणी केलं नाही. हिनं पुरण घातलं. श्रावणाआधीच.

पोरगी रात्री उशिरापर्यंत भिंतीकडं हात धरून उभी.

3 ऑगस्ट

पुण्याला फोन केला. म्हटलं, "तुमची चूक नव्हती. मागं जरा बोललो." तो म्हणाला, "असू दे हो काका." लगेच विचारलं, "निघालं का पण?"

जेवणं झाल्यावर तिला सांगितलं. "ते लाल मी टाकलं होतं. मेमध्ये."

ती रबरी रिंगांना ग्रीस लावत होती. वर बघितलं नाही. "ठाऊक आहे. बाटली फळीवरनं मीच काढून दिलो होतो तुम्हाला. निळी मागितली होती तुम्ही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोलला?"

सिलिंडर भरायचा राहिला होता. दोघांनी मिळून भरला. 200 बारला काटा आला तेव्हा साडेदहा वाजले होते.

4 ऑगस्ट, रविवार

सराव फेरी. साठ छर्रे, 561. सात एकही नाही. एक आठ होता.

"तो माझा," म्हणाली.