बोरीबंदरच्या छताखाली कोण बसणार?

बोरीबंदरचे स्टेशन नवे होणार ही बातमी आपल्या वस्तीत आता जुनी झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या ३ स्टेशनांच्या पुनर्विकासासाठी सुमारे १०,००० कोटी रुपये मंजूर केले. पुढच्या वर्षी एकट्या मुंबईच्या कामाचे सुमारे २,४५० कोटींचे कंत्राट दिले गेले. रुळांच्या वर प्रशस्त मजला, तिथे दुकाने, खाण्यापिण्याची ठिकाणे, बसायची सोय, येणाऱ्यांची वाट वेगळी आणि जाणाऱ्यांची वेगळी, शिवाय जुनी इमारत १९३० च्या सुमारास होती तशी दिसावी, असा एकंदर बेत आहे. वर्तमानपत्रांत त्याची रंगीत चित्रे आली होती. मी ती कात्रणे जपून ठेवली आहेत. चित्रातली माणसे टापटीप आहेत, प्रत्येकाच्या हातात चाकांची बॅग आहे. डोक्यावर बोचके घेतलेली एकही बाई मला त्यात सापडली नाही. आणि आपण तर बोचकेवाले!

या स्टेशनात मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ ये-जा करते आहे. आधी सिद्धार्थ कॉमर्स कॉलेजसाठी, आता फोर्टातल्या कचेरीसाठी. हार्बरच्या गाडीतून उतरायचे आणि गर्दीबरोबर रस्ता ओलांडायचा, एवढाच माझा संबंध होता असे मात्र नाही. माझे थोरले मामा याच स्टेशनात बिल्ल्याचे हमाल होते. लाल सदरा, दंडाला पितळी बिल्ला. कॉलेजात असताना महिन्यातून एकदा ते मला मेल गाड्यांच्या फलाटाजवळ बोलवायचे आणि फीसाठी बाजूला ठेवलेल्या नोटा, रुमालात बांधलेल्या, हातावर ठेवायचे. “मोजून घे पोरी, तू हिशेबाचं शिकतीस,” म्हणायचे. त्या नोटांना घामाचा वास असे. माझ्या बी.कॉम.च्या पदवीत या स्टेशनाचा वाटा आहे, हे मी कुठल्याही सभेत उभी राहून सांगेन.

इमारतीविषयी थोडे सांगते, कारण आपली मुले रोज तिच्यासमोरून जातात आणि मान वर करून पाहत नाहीत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली, तेव्हा ही इमारत नव्हती. तिचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८८८ मध्ये पुरे झाले. खर्च सुमारे १६ लाख रुपये. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, कोरीव काम मुंबईच्या कला शाळेतल्या विद्यार्थ्यांचे. घुमटावर ‘प्रगती’चा पुतळा आहे, फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसले आहेत. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. दगड कुणी फोडले, कुणी डोक्यावर वाहून वर नेले, त्यांची नावे मला अजून कुठे वाचायला मिळालेली नाहीत. २००४ मध्ये युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारसा म्हटले. इंग्रजांची खूण कशाला जपायची, असे आमच्या मंडळातले एक-दोन तरुण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या दगडांना आपल्या माणसांचे हात लागले ते जपले पाहिजेत. प्रश्न दगडांचा नाहीच. त्यांच्या आडोशाला आजवर जे बसत आले, त्यांचे पुढे काय, एवढाच प्रश्न आहे.

जुन्या स्टेशनाला नवे काम देण्याचे एक गाजलेले उदाहरण पॅरिस शहरातले आहे. तिथे १९०० साली जागतिक प्रदर्शनासाठी ओर्से नावाचे भव्य स्टेशन बांधले. गाड्या लांब होत गेल्या आणि फलाट आखूड पडू लागले. १९३९ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे येईनाशा झाल्या. पाडण्याच्या गोष्टी झाल्या, पण शेवटी १९८६ मध्ये त्याचे चित्र-शिल्पांचे संग्रहालय झाले. ते योग्यच झाले, कारण स्टेशनाचे काम संपले होते. आपल्याकडेही २०१८ च्या सुमारास मध्य रेल्वेच्या मुख्यालयातली कार्यालये हलवून सगळ्या वारसा इमारतीचे संग्रहालय करावे असा विचार पुढे आला होता. कर्मचारी संघटनांनी विरोध केला आणि तो मागे पडला. पण ओर्सेचे फलाट आखूड पडले म्हणून ते मिटले. आपल्याकडे २०२४ च्या जूनमध्ये ३६ तास गाड्या बंद ठेवून १० आणि ११ नंबरचे फलाट २४ डब्यांच्या गाडीसाठी लांब केले! जिवंत माणसाचा फोटो भिंतीला लावून त्याला हार घालायची घाई कशाला?

तेव्हा हे स्टेशन स्टेशनच राहणार, त्यावर आणखी कामे चढणार, हे आता ठरले आहे. ती कामे कोणती, हे ठरवणाऱ्यांच्या हिशेबात भाडे आहे. मी वाणिज्य शाखेची असल्याने मला त्यात गैर वाटत नाही, बांधकामाचा पैसा कुठून तरी वसूल व्हायचाच. २०२० मध्ये तर नव्या स्टेशनांवर प्रवाशांकडून वेगळे वापर शुल्क घेतले जाईल असे रेल्वेच्या वरिष्ठांनीच सांगितले होते. पुढे मुंबईचे काम खासगी भागीदारीऐवजी सरकारी पैशातून करायचे ठरले. म्हणजे आपल्याच पैशातून. पण भाड्याचा हिशेब एकदा सुरू झाला की तो फुटाफुटाने चालतो. कॉफीच्या दुकानाच्या एका फुटाला भाडे येते. बाकाला येत नाही. पाण्याच्या नळाला येत नाही. भिंतीला पाठ टेकून सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या म्हातारीच्या फुटाला तर मुळीच येत नाही.

ही भीती हवेतली नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा बाया एका परिषदेला परगावी गेलो होतो. तिथले स्टेशन नवेकोरे, गुळगुळीत, आरशासारखे. आमच्यातल्या दोघी सत्तरीच्या. गाडीला चार तास उशीर होता म्हणून त्यांनी चादर अंथरली, तर गणवेशातला एक पोरगा आला आणि म्हणाला, “मावशी, इथे खाली बसायचे नाही.” बाक आधीच भरलेले होते. प्रतीक्षालय होते, तासाला पैसे देऊन. पोरगा उद्धट नव्हता. त्याला तसे सांगून ठेवले होते.

आपल्या समाजाला ‘इथे बसायचे नाही’ हे शब्द काही नवे नाहीत. १९०१ साली मसूरच्या स्टेशनावर लहानग्या भीमरावाची आणि त्यांच्या भावंडांची जात कळल्यावर स्टेशन मास्तर कसा दूर सरला आणि गाडीवाले त्यांना न्यायला कसे तयार होईनात, ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आज कुणी जात विचारत नाही. पण खिसा विचारला जातो, आणि आपल्या देशात खिशाचा आणि जातीचा पत्ता बहुतेक वेळा एकाच गल्लीत सापडतो.

६ डिसेंबरच्या आधीचे दोन दिवस ज्यांनी बोरीबंदर पाहिले आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. नागपूरहून अनारक्षित विशेष गाड्या येतात, सेवाग्राम, विदर्भ, देवगिरी भरभरून येतात. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, हातात निळे झेंडे. भाकरी-चटणीची गाठोडी सोडून मंडळी जमिनीवरच पंगत धरतात. कुणाची मुलगी हरवते आणि सापडते. मग लोकलने किंवा पायी सगळे दादरला चैत्यभूमीकडे निघतात, आणि परतीच्या गाडीसाठी पुन्हा याच जमिनीवर रात्र काढतात. आमचे मंडळ गेली कित्येक वर्षे तिथे पाणी वाटते आणि वाट दाखवते. अशा वेळी रुळांवरच्या त्या मजल्यावर ही माणसे कुठे असतील? सरकत्या जिन्यासमोर थबकलेल्या आजीला वर कोण नेईल? मोठी जागा होते आहे ती गर्दीसाठीच, असे सांगतात. तसे असेल तर तिच्यावर पहिला हक्क सर्वांत जास्त गर्दीचा, म्हणजे अनारक्षित डब्यातल्या माणसाचा.

हमालांचेही तसेच. २००८ मध्ये परवानाधारक हमालांना रेल्वेत गँगमन म्हणून घ्यायचे ठरले. मामांचे वय उलटून गेले होते, त्यांनी बिल्ला शेवटपर्यंत ठेवला. २०१६ मध्ये हमालाला ‘सहायक’ हे नवे नाव मिळाले. नाव चांगलेच आहे. पण चाकांच्या बॅगांनी ओझे पळवले ते पळवलेच. “दगडाला कोन हात लावत न्हाई, आमची बसायची जागा तेवढी हलत ऱ्हाती,” असे मामा म्हणत. नव्या आराखड्यात उपाहारगृह आहे तसे हमालांना, सफाई कामगारांना आणि पार्सल ओढणाऱ्यांना कपडे बदलायला, भाकरी खायला, पाठ टेकायला एक खोली आहे का, हे कुणी तरी विचारायला हवे.

आणि पूल. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी स्टेशनालगतचा हिमालय पूल कोसळला. मेलेल्यांमध्ये जी. टी. रुग्णालयात रात्रपाळीला निघालेल्या परिचारिका होत्या. आदल्याच वर्षी तपासणीत तो पूल वापरण्याजोगा ठरला होता. नवा पूल २०२३ मध्ये खुला झाला. मधली चार वर्षे लोक वाहनांतून वाट काढत होते, मीही. घुमटाची डागडुजी कुठवर आली हे विचारणारे पुष्कळ भेटतात. पुलाचे विचारणारी माणसे पुलावरूनच जाणारी असतात.

माझी स्वतःची एक मागणी आहे, लोक हसतील तर हसोत. त्या नव्या मजल्यावर १०० मुलांना बसता येईल अशी एक अभ्यासिका असावी, पहाटे ५ पासून रात्री ११ पर्यंत. फोर्टात सिद्धार्थ आहे, आसपास इतर कॉलेजे आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथल्या मुलाला पुस्तक उघडायला जागा नसते. तो चेंबूर-गोवंडीहून, दिव्याहून पहिल्या गाडीने येईल, दोन तास वाचेल आणि मग वर्गात किंवा कामावर जाईल. स्टेशनाला नवा उपयोग द्यायचाच असेल तर याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. एका कपड्याच्या दुकानाएवढी जागा लागेल.

अभ्यासिका, मोफत पाणी, बायकांसाठी विनाशुल्क स्वच्छतागृह, अनारक्षित प्रवाशांना बसायला मोकळी जमीन आणि कामगारांची खोली, असा अर्ज आमच्या मंडळाने तयार केला आहे. ३४० सह्या झाल्या, त्यात ४१ अंगठे आहेत. आपल्या वस्तीतल्या सह्या जोडायच्या असतील तर रविवारी वंदनेनंतर विहारात यावे. सोबत ६ डिसेंबरच्या पाणीवाटपासाठी नावेही द्यावीत. ४ तारखेच्या रात्रपाळीला माणसे कमी पडतात.