चंपाषष्ठीचं भरीत

आज चंपाषष्ठी. परसातल्या झाडावरचं पहिलं वांगं सकाळी देठासकट कापलं. भाद्रपदात रोप लावलं, तेव्हा ते वीतभरही नव्हतं. मध्यंतरी शेंड्यांनी माना टाकल्या. आत अळी होती. तेवढेच शेंडे खुडून नष्ट केले, औषध फवारलं नाही. झाड पुन्हा फुटलं, जांभळ्या फुलांनी भरलं.

आषाढी एकादशीपासून आजपर्यंत आमच्याकडे वांगं वर्ज्य. म्हणून या भरिताची वाट सगळं घर पाहतं. तेलाचा हात लावून वांगं निखाऱ्यावर भाजलं. ठेचलेली हिरवी मिरची, लसूण आणि वर कांद्याची पात घातली. बाजरीच्या रोडग्यांसह खंडोबाला नैवेद्य दाखवला. पहिला घास घेताना आई आठवली.

हातभर जागा असेल, तर वांग्याचं एक रोप जरूर लावा.